घरी बर्न केलेली व्हिडिओ डीव्हीडी चालत नाही? दुसरी कोरी डिस्क घालायच्या आधी हे करून बघा

घरी बर्न केलेली डिस्क प्लेअरमध्ये टाकली की एकतर 'नो डिस्क' येतं, नाहीतर सुरू होते आणि तासाभराने चित्राचे चौकोन पडून अडकते, नाहीतर कॉम्प्युटरवर मस्त चालते आणि टीव्हीखालच्या प्लेअरवर ढिम्म हलत नाही. मग काय होतं, माणूस वैतागून दुसरी कोरी डिस्क घालतो, तेच सॉफ्टवेअर तेच सेटिंग ठेवून परत बर्न करतो आणि ती पण तशीच निघते, कारण मधे बदललेलं काहीच नसतं. मी घरच्या जुन्या टेपांवरचं शूटिंग डिस्कवर उतरवून सगळ्यांना वाटलं तेव्हा या बहुतेक सगळ्या प्रकारांतून गेलोय, आणि एक गोष्ट पक्की कळली की दोष तीनच ठिकाणी असू शकतो: खुद्द डिस्कमध्ये, डिस्कवर लिहिलेल्या फाइल्समध्ये, किंवा प्लेअरमध्ये. यातलं कुठलं आहे ते कळेपर्यंत नवीन डिस्क बर्न करू नका. खाली ज्या क्रमाने दिलंय त्याच क्रमाने जा, पहिली पायरी तर अजिबात सोडू नका.

हे जवळ ठेवा:

- चालत नसलेली डिस्क आणि ज्या प्लेअरवर चालत नाही तो प्लेअर, रिमोटसकट
- विकत घेतलेली, नक्की चालणारी एक ओरिजिनल डीव्हीडी
- डीव्हीडी रायटर असलेला कॉम्प्युटर, आणि जमलं तर दुसऱ्या कंपनीचा आणखी एक ड्राइव्ह (कुणाचा जुना लॅपटॉप मिळाला तरी चालेल)
- मायक्रोफायबरचं मऊ स्वच्छ कापड
- हार्डडिस्कवर निदान १० जीबी मोकळी जागा
- सॉफ्टवेअर: बघायला व्हीएलसी, फाइल तपासायला मीडियाइन्फो, डीव्हीडी तयार करायला डीव्हीडीस्टायलर, बर्न करायला इमगबर्न. सगळी फुकट आहेत. इमगबर्न फक्त विंडोजवर चालतं आणि त्याचं २.५.८.० हे व्हर्जन २०१३ चं आहे, पण या कामाला अजूनही उत्तम आहे. फक्त इन्स्टॉल करताना प्रत्येक स्क्रीन वाचा, काही डाउनलोडमध्ये नको ती सॉफ्टवेअर जोडलेली असतात, त्यांच्या टिका काढून टाका
- डिस्क कॅमकॉर्डरमध्ये किंवा टीव्हीच्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये भरलेली असेल तर तेच मशीन

१. एकुलती एक कॉपी असेल तर आधी ती वाचवा

या डिस्कवरचं शूटिंग दुसरीकडे कुठे आहे का, हे स्वतःला पहिलं विचारा. मूळ फाइल्स हार्डडिस्कवर असतील तर निवांत पुढच्या पायरीला जा. नसतील तर दुरुस्ती वगैरे सगळं नंतर, आधी आतला माल बाहेर काढायचा.

इमगबर्नमध्ये डिस्कपासून इमेज फाइल बनवायचा पर्याय आहे तो वापरा, म्हणजे अख्खी डिस्क एका आयएसओ फाइलमध्ये उतरते. मध्येच रीड एरर येऊन थांबलं तर ड्राइव्ह बदलून बघा. हा उपाय फार साधा वाटतो पण खरंच काम करतो, एका ड्राइव्हला न वाचता येणारा भाग दुसरा ड्राइव्ह कधीकधी सहज वाचतो. तरीही नाही जमलं तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे, ते आधी सगळा सोपा भाग उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर परत परत येतं, आणि त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे अर्धं काम एका ड्राइव्हवर आणि उरलेलं दुसऱ्यावर असंही करता येतं.

आता सगळ्यात मोठा धोका. कॅमकॉर्डरची डिस्क फायनलाइज केलेली (म्हणजे भरून झाल्यावर कायमची बंद केलेली) नसेल तर विंडोजला ती कोरी वाटते आणि 'ही डिस्क तयार करायची का, फॉरमॅट करायची का' असं विचारतं. तिथे कॅन्सल दाबा. डिस्क आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) असेल तर ओके म्हटल्यावर आतलं सगळं गेलंच म्हणून समजा, आणि साधी आर (एकदाच लिहिता येणारी) असली तरी वर काहीतरी लिहिलं जाऊन गुंता वाढतो. अशी डिस्क आधी पायरी ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे फायनलाइज करा, आणि मूळ कॅमेराच राहिला नसेल तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर फायनलाइज न झालेल्या डिस्कमधूनही व्हिडिओ काढू शकतं. त्याची फुकट आवृत्ती आत काय सापडतंय ते दाखवते, म्हणजे पैसे भरायच्या आधी अंदाज येतो.

२. अदलाबदल करून बघा

ओरिजिनल डीव्हीडी त्या प्लेअरमध्ये टाका. तीही अडकली तर तुमच्या डिस्कचा काही दोष नाही, लेन्सवर धूळ बसलीय किंवा लेझर थकलाय, सरळ पायरी ९ ला जा. ओरिजिनल चालली तर आता तुमची डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये टाका, आणि मग कॉम्प्युटरमध्ये.

- कुठेच उघडत नाही, कॉम्प्युटरलाही नाही: बर्न अर्धवट झालंय, फायनलाइज झालेलं नाही किंवा डिस्क खराब आहे. पायरी ३ आणि ५.
- कॉम्प्युटरवर चालते, एकाही प्लेअरवर नाही: जवळजवळ नक्की फाइल्सचा किंवा फॉरमॅटचा प्रश्न. पायरी ४.
- काही प्लेअरवर चालते काहींवर नाही: डिस्कचा प्रकार त्या प्लेअरला पटत नाही. पायरी ८.
- सगळीकडे एकाच ठिकाणी अडकते: पायरी ६.

व्हीएलसीवर चालली म्हणजे डिस्क चांगली, असं समजू नका. व्हीएलसी वाट्टेल ते चालवतं, एमपी४ असो, एमकेव्ही असो, अर्धवट फाइल असो. घरातला प्लेअर मात्र नियमावर बोट ठेवून चालणारा असतो, नियमात बसलं नाही तर तो सरळ नाही म्हणतो. त्यामुळे कॉम्प्युटरची टेस्ट फक्त 'डिस्क वाचता येते का' एवढ्यापुरतीच धरा.

३. डिस्क उजेडात धरून बघा

खिडकीपाशी किंवा ट्यूबलाइटखाली डिस्क तिरकी धरा आणि हळूहळू फिरवा. खालच्या बाजूला बर्न झालेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात किंचित फरक दिसतो, आतून बाहेर एक रिंग आणि तिची कड. दोन तास भरलेत असं तुम्हाला वाटतंय आणि रिंग मध्यापासून बोटभरच असेल तर बर्न मध्येच तुटलंय, पुढचं काही तपासायची गरजच नाही. रिंग पार काठापर्यंत गेली असेल तर डिस्क ठासून भरलीय हे लक्षात ठेवा, पायरी ६ मध्ये उपयोगी पडेल.

मग बोटांचे ठसे, धूळ, ओरखडे. कापडाने पुसताना मध्यापासून काठाकडे सरळ पुसायचं, गोल गोल फिरवत नाही. कारण ट्रॅक गोल असतात, गोल पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या लांबीने जातो आणि ओळीने बराच डेटा एकदम जातो, आडवा ओरखडा पडला तर प्रत्येक फेऱ्यात थोडासाच जातो आणि तेवढं एरर करेक्शन सांभाळून घेतं. चिकट डाग असेल तर कापड पाण्याने किंचित ओलं करा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. टूथपेस्टचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, एकुलत्या एक डिस्कवर तरी तो करू नका.

वरची बाजूही बघा. डीव्हीडीत डेटाचा थर ०.६ मिलीमीटरच्या दोन प्लास्टिक चकत्यांच्या मध्ये असतो त्यामुळे वरून थोडं संरक्षण आहे, सीडीत मात्र तो छापील बाजूच्या अगदी खाली असतो, म्हणून सीडीवर वरून पडलेला ओरखडा जास्त वाईट. कागदी स्टिकर लावला असेल तर संशय त्याच्यावर घ्या. स्टिकर एका बाजूला सरकलेला असला की डिस्क फिरताना डगमगते, आणि काही महिन्यांनी कागद आक्रसला की डिस्क किंचित वाकते. पण स्टिकर ओढून काढू नका, सीडीचा चंदेरी थर त्याच्याबरोबर निघून येतो. आहे तशी कॉपी काढा आणि नव्या डिस्कवर डिस्कसाठीच्या मार्कर पेनने नाव लिहा.

४. आत नेमकं काय लिहिलंय ते उघडून बघा

नवीन लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉम्प्युटरमध्ये डिस्क उघडा, प्ले करू नका, फाइल्स बघा. तुम्हाला नुसती 'एमपी४' किंवा 'एमकेव्ही' फाइल दिसली तर ती व्हिडिओ डीव्हीडी नाही, ती डेटा डिस्क आहे. व्हिडिओ डीव्हीडीत व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर असतं, आणि ते डिस्कच्या मुळातच असावं लागतं, दुसऱ्या फोल्डरच्या पोटात नाही. त्यात तीन प्रकारच्या फाइल्स: व्हीओबी म्हणजे खरा व्हिडिओ आणि आवाज (एक फाइल १ जीबीपर्यंतच, म्हणून मोठं शूटिंग आपोआप तुकड्यांत दिसतं, ते बरोबर आहे), आयएफओ म्हणजे कुठे काय आहे याचा नकाशा, आणि बीयूपी म्हणजे त्या नकाशाची जादा प्रत. ऑडिओ_टीएस फोल्डर रिकामं असतं, त्याची काळजी करू नका.

फाइलचं नाव बदलून एमपी४ ची व्हीओबी होत नाही, व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर हाताने बनवून त्यात एमपी४ टाकूनही काही होत नाही. आतला व्हिडिओ एमपेग-२ मध्ये बदलावा लागतो, टीव्हीच्या दोन पद्धतींपैकी पाल असेल तर ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी असेल तर ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम, आणि आवाज ४८ किलोहर्ट्झचा. हे सगळं डीव्हीडीस्टायलर स्वतः करतं, तुम्ही फक्त फाइल टाकायची, मेनू हवा की नको सांगायचं आणि आयएसओ बनवायला लावायचं. वेळ लागतो, लागू द्या.

विंडोजमधली एक फसवी जागा इथे सांगतो. कोरी डिस्क टाकल्यावर दोन पर्याय येतात, एक यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची आणि दुसरा सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी. पहिला निवडला तर घरचे प्लेअर ती डिस्क बहुतेक वाचतच नाहीत. दुसरा पर्याय नावावरून बरोबर वाटतो, पण तोही फाइल जशी आहे तशीच लिहितो, व्हिडिओ डीव्हीडी बनवून देत नाही. एकेकाळी विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये डीव्हीडी मेकर होतं ते हे काम करायचं, ८ पासून ते काढून टाकलं, त्यामुळे आता वेगळं सॉफ्टवेअर लागतंच.

तुमच्या प्लेअरवर डिव्हएक्स असं छापलं असेल तर तो डिव्हएक्स किंवा एक्सव्हिडच्या एव्हीआय फाइल्स डेटा डिस्कवरून चालवेल, पण म्हणून मोबाइलचा एमपी४ चालवेलच असं नाही.

५. फायनलाइज झालीय का

कॅमकॉर्डर आणि रेकॉर्डर डिस्क उघडी ठेवतात, म्हणजे पुढे आणखी भरता यावं म्हणून. जोपर्यंत ती बंद करत नाही तोपर्यंत सुरुवातीला प्लेअरला लागणारी माहिती लिहिलीच जात नाही, म्हणून त्या मशीनवर चालते आणि बाकी सगळीकडे 'नो डिस्क'. त्याच मशीनमध्ये टाकून डिस्क सेटअपच्या मेनूत फायनलाइज निवडा. कॅमेरा असेल तर चार्जर लावूनच करा, मध्येच बॅटरी गेली तर डिस्क धड इकडची ना तिकडची होते. कॉम्प्युटरवर बर्न करताना मल्टिसेशन किंवा 'डिस्क उघडी ठेवा' असं काही टिक केलेलं असेल तर ते काढा.

६. अडकते तर कुठे अडकते

रिमोटवर वेळ दाखवायला लावा आणि अडकल्याची मिनिटं कागदावर लिहा. परत लावा, परत लिहा. सिंगल लेयर (डेटाचा एकच थर असलेली) डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे मिनिटांवरून डिस्कवरची जागा कळते.

शेवटी शेवटी अडकते: दोष बाहेरच्या काठाला आहे. उचलताना बोटं तिथेच लागतात, वाकलेली डिस्क तिथेच जास्त हलते आणि जास्तीत जास्त स्पीडला रायटरही तिथेच सगळ्यात वेगात लिहितो. पुसून फरक पडला नाही तर पुढच्या वेळी डिस्क काठोकाठ भरू नका. ४.७ जीबीची डिस्क कॉम्प्युटरला ४.३७ दिसते, मी ४.२ च्या आसपास थांबतो.

बरोबर मध्यावर क्षणभर थांबून पुढे जाते: डिस्क ८.५ जीबीची ड्युअल लेयर असेल तर हे पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जाणं आहे, क्षणभर थांबणं चालतं. तिथे पूर्ण अडकत असेल तर थर बदलायची जागा चुकीची पडलीय किंवा डिस्कच हलकी आहे. व्हिडिओ दोन सिंगल लेयर डिस्कवर विभागणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणा उपाय.

कुठेही, दर वेळी वेगळ्याच मिनिटाला: प्लेअरला डिस्क वाचणंच जड जातंय. ड्राइव्हचा आवाज ऐका, वेग वाढतो, उतरतो, परत वाढतो, तो परत परत वाचायचा प्रयत्न करत असतो. पायरी ८ आणि ९.

दर वेळी त्याच सीनला, तेही धावपळीच्या किंवा पाणी, झाडं, गर्दी असलेल्या: बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वाचावा लागणारा डेटा, जास्त झालाय. डीव्हीडीत व्हिडिओची मर्यादा ९.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर ८ च्या वर जाऊच नका. हिशोब साधा आहे, एका तासाचं शूटिंग असेल तर ८ ठेवा, दीड तासाला साधारण ६, दोन तासाला साडेचार. तीन तास एका सिंगल लेयर डिस्कवर कोंबले तर चालेल, पण चित्र धुरकट दिसेल.

७. चालते पण चित्र किंवा आवाज बरोबर नाही

चित्र ब्लॅक अँड व्हाइट किंवा वरखाली सरकतंय तर पाल आणि एनटीएससीची गल्लत आहे. डिस्क जिथे बघितली जाणार तिथलं फॉरमॅट निवडा. पालच्या देशांतले बरेच प्लेअर दोन्ही चालवतात, एनटीएससीच्या देशांतले पाल चालवतीलच असं नाही, परदेशी पाठवायची डिस्क असेल तर आधी विचारून घ्या.

आवाज हळूहळू मागे पडत जातो, सुरुवातीला ठीक आणि शेवटी ओठ वेगळे आवाज वेगळा, तर मूळ व्हिडिओ बहुतेक मोबाइलचा असतो. मोबाइल फ्रेम रेट कमीजास्त करत शूट करतात. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल' दिसेल. आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या, मग ती फाइल डीव्हीडीस्टायलरला द्या.

हालचाल झटके देत, पुढे-मागे थरथरल्यासारखी दिसते तर फील्ड ऑर्डर (प्रत्येक फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचा, म्हणजे फील्डचा क्रम) उलटी झालीय, डीव्ही टेपवरून घेतलेल्या व्हिडिओत हे हमखास होतं. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, सॉफ्टवेअरला 'बॉटम फील्ड फर्स्ट' सांगा. आवाज अजिबातच नसेल तर ऑडिओ एसी३ करा, ते सगळीकडे चालतं.

८. कोरी डिस्क कुठली

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर या दोन वेगळ्या जाती आहेत. जुन्या प्लेअरला मायनस आर जास्त पटते. प्लस आरला एक फायदा असा की रायटर सपोर्ट करत असेल तर इमगबर्नमध्ये बुक टाइप (डिस्क कुठल्या प्रकारची आहे हे प्लेअरला सांगणारी नोंद) 'डीव्हीडी-रॉम' करता येतो, मग प्लेअरला ती विकतच्या डिस्कसारखी वाटते आणि नखरे कमी होतात. आरडब्ल्यू ट्रायलसाठी ठीक, द्यायला नको, कारण तिच्यावरून प्रकाश खूप कमी परत येतो आणि जुना लेझर गडबडतो. सीडीवर बनवलेली व्हीसीडी अगदी सुरुवातीच्या काळातल्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नसेल तर कारण हेच आहे, सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर ७८० नॅनोमीटरच्या लेझरसाठी बनवलाय आणि डीव्हीडीचा लेझर ६५० चा.

एका कंपनीच्या डिस्कने त्रास दिला तर त्याच बंडलमधली दुसरी घेऊ नका. दुसऱ्या कंपनीची घ्या, आणि इमगबर्नच्या उजव्या बाजूला मीडियाचा कोड दिसतो तो बघा. खोक्यावरचं नाव वेगळं आणि आत कोड तोच असं होतं, म्हणजे डिस्क एकाच कारखान्यातली.

९. प्लेअरची लेन्स

प्लेअर ओरिजिनल डिस्कवरही अडकत असेल तर आधी लेन्स साफ करायची ब्रशवाली डिस्क वापरून बघा. उघडून साफ करायची असेल तर प्लग काढून, आणि लेन्सवर जोर न देता, ती नाजूक स्प्रिंगसारख्या तारांवर तरंगत असते. प्लेअर चालू असताना झाकण काढून लेझरकडे बघायचं नाही. विकतच्या डिस्क चालतात आणि बर्न केलेल्याच अडकतात, पूर्वी चालायच्या आता नाही, असं असेल तर लेझरची ताकद कमी होत आलीय, त्याला फार उपाय नाही.

१०. आता परत बर्न करा

- आयएसओ आधी व्हीएलसीमध्ये उघडून मेनू, शेवटचा चॅप्टर, आवाज बघा. इथे चुकलं तर डिस्क वाया जात नाही.
- १६एक्सची डिस्क ८एक्सला बर्न करा. १ किंवा २एक्सला केली म्हणजे आणखी चांगली होते असं नाही, या डिस्क तेवढ्या कमी वेगासाठी बनवलेल्याच नाहीत.
- इमगबर्नमधली व्हेरिफायची टिक ठेवाच. बर्न झाल्यावर ट्रे बाहेर येऊन परत आत जाईल आणि सगळं वाचून तपासेल, लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे हाताने आत ढकलावा लागतो.
- बर्न चालू असताना कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाणार नाही असं सेटिंग करा.
- झाल्यावर घरच्या प्लेअरवर सुरुवात, मधला एक चॅप्टर आणि शेवटची पाच मिनिटं बघा. शेवटची पाच मिनिटं नीट गेली तर मगच बाकीच्या कॉपी काढा.
- डिस्क उन्हात आणि गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, रंगद्रव्याचा थर त्याने खराब होतो. आयएसओ फाइल हार्डडिस्कवर आणि आणखी एका वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, पुढच्या वेळी कुणाची डिस्क अडकली तर इथूनच नवीन काढून देता येते.